वस्तादांची पाठ

“हात वर. अजून वर! लग्नातल्या नवरीगत खांदं पाडून काय चाललीयास?”

हिंदुराव वस्तादांनी माझं मनगट धरून हात असा उंच खेचला, की कुस्तीआधीच खांदा निखळतोय असं मला वाटलं. हलगी कडाडत होती. मधोमध तांबड्या मातीचा हौद, आणि भोवती जिकडं नजर जाईल तिकडं माणसं. उतारावर माणसं, ट्रॅक्टरच्या ट्रॉल्यांवर माणसं, चिंचेच्या फांद्यांवर माणसं. आमच्या गावच्या जत्रेचं मैदान म्हणजे पंचक्रोशी लोटायची. कुस्ती लागण्याआधी वस्तादानं आपल्या पैलवानाचा हात उंच धरून त्याला मैदानाभोवती फिरवायचं, लोकांना जोड दाखवायची, ही आमच्याकडची जुनी रीत. पण त्या मैदानात असा वर झालेला बाईचा हात गावानं कधी पाहिला नव्हता. पहिला हात माझा.

मी कोमल चौगुले. “नाव कोमल आन् मान म्हशीची,” असं माझी सख्खी आईच म्हणायची, तेव्हा बाकीच्यांचं काय सांगावं.

“आली रे आली, हिंदुराव वस्तादांची पठ्ठी आली!” निवेदक माईकवर बेंबीच्या देठापासून ओरडत होता. समोरच्या बाजूनं सांगलीकडची प्रणाली तिच्या वस्तादांसोबत फेरी मारत होती. ती माझ्यापेक्षा वीतभर उंच होती. आमची नजरानजर झाली आणि ती चक्क हसली. मलाही हसू आलं.

हा दिवस फुकट आला नव्हता. जत्रेआधी देवळात गावकी बसली, तेव्हा केरबा अण्णा आडवे आले होते. केरबा अण्णा म्हणजे जत्रा कमिटीचे कारभारी. पांढऱ्या मिश्या, हातात काठी आणि तोंडात नकार.

“बाईचा पाय मैदानाच्या मातीत पडला तर जत्रंला गालबोट लागंल,” ते म्हणाले होते.

“केरबा, माती बी बाईच हाय,” वस्ताद म्हणाले. “तिला इचारून आलोय. तिची काय हरकत न्हाई.”

सगळं देऊळ हसलं. अण्णा नाही हसले. “हसा. पर त्या दिवशी मैदानात काय इपरीत घडलं, तर परत ह्या गावात पोरीची कुस्ती हुणार न्हाई. हाय कबूल?”

“कबूल,” वस्ताद म्हणाले होते आणि तिथंच अण्णांच्या हातावर हात मारला होता.

तर असा तो माझा वर झालेला हात. आणि तो धरणारा वस्तादांचा हात त्या दिवशी घामानं थबथबला होता. मला ते जाणवलं, पण ऊन मरणाचं होतं. मग लक्षात आलं, हा घाम गार आहे.

“वस्ताद, बरं वाटतंय ना?”

“पित्त खवळलंय. सकाळधरनं दोनदा सोडा घेतला.” ते दुसऱ्या हातानं जबडा चोळत होते. “दाढ बी ठणकायली. तू तुझं बघ. पोरगी उंच हाय, तिच्या पटात शिर, खालनं पाय ओढ. वर हात देत बसू नको.”

“पण तुम्ही जरा बसा की सावलीला.”

“आगं, पैलवानाच्या काळजाला काय हुतंय? पुढं बघून चाल.”

त्यांनी मला हौदात उतरवलं. स्वतःही उतरले. वाकून चिमूटभर माती उचलली, माझ्या कपाळाला लावली, पाठीवर थाप मारली. ती थाप नेहमीसारखी नव्हती. मी वळून पाहिलं तोवर ते गुडघ्यावर आले होते. मग एक हात मातीत टेकला. मग ते कलले.

हलगी थांबली.

इथं एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर पुढचं कुणाला खरं वाटणार नाही. हिंदुराव वस्तादांची पाठ जन्मात कधी मातीला लागली नव्हती. कुस्तीत पाठ लागली की हार, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. वस्तादांना उभ्या हयातीत कुणी चितपट केलेलं नव्हतं. गावात तर म्हणायचे, हिंदुराव झोपतो तोसुद्धा कुशीवर, रात्री पाठ लागली तर बाद धरतील म्हणून. चेष्टा असली तरी त्या पाठीवर गावाचा जीव होता.

त्यामुळं वस्ताद कलले तसे त्यांचे पठ्ठे धावले ते एकाच गोष्टीसाठी.

“पाठ लागू देऊ नका रं!” सगळ्यांत पुढं त्यांचा मुलगा रणजितदादा होता. मैदानातला सगळ्यात ताकदीचा गडी. त्यानं मागून बापाला दोन्ही काखांत हात घालून उचललं आणि बसतं केलं. एकानं पाय चोळायला घेतले. एकजण ओरडला, “फिट आलीया, कांदा आणा!” दुसऱ्यानं पायातली चप्पल काढून वस्तादांच्या नाकाला लावली. तिसरा तोंडात पाणी ओतू लागला. पाणी ओठांवरून मिशीत, मिशीतून छातीवर ओघळलं.

मी त्यांच्या समोर गुडघ्यावर बसले. दोन्ही खांदे गदागदा हलवले. “वस्ताद! ओ वस्ताद!”

काही नाही. डोळे अर्धे उघडे होते, पण त्यांत कुणी नव्हतं. तोंडातून मध्येच एखादा घरघरता आचका यायचा आणि थांबायचा.

“श्वास चाललाय, श्वास चाललाय!” रणजितदादा म्हणाला.

तो श्वास नव्हता. कोल्हापूरला कॉलेजात असताना आमच्यासाठी प्रथमोपचाराचं एक शिबिर घेतलं होतं. रबरी पुतळा, एक डॉक्टरबाई आणि त्यांचं एकच पालुपद. माणूस हाकेला ओ देत नाही, श्वास नीट चालत नाही, नुसते आचके देतोय, म्हणजे काळीज थांबलंय. बसवू नका. पाणी पाजू नका. कडक जमिनीवर उताणं निजवा आणि छाती दाबायला लागा. डॉक्टर येईपर्यंत त्याचं काळीज तुमच्या हातात. मला ते तेव्हा नुसतं परीक्षेपुरतं वाटलं होतं.

“दादा, खाली निजव त्यांना. पाठीवर.”

“काय?”

“पाठीवर निजव! काळीज थांबलंय त्यांचं!”

“खुळी झालीस काय? भर मैदानात आप्पांची पाठ लावू? ह्या मातीत?”

“दादा, मरतील ते!”

“मरू दे मला, पर पाठ लागू देणार न्हाई!” काय बोलतोय ते त्याचं त्यालाच कळत नव्हतं. डोळ्यांतून धारा लागल्या होत्या आणि मिठी लोखंडासारखी होती. त्याचं बापावर प्रेम होतं हो. त्या प्रेमापायीच बाप हातातून चालला होता.

सांगण्यात वेळ नव्हता. मी त्याच्या बाजूला गेले, मनगट धरलं आणि अंगठ्याच्या बाजूनं पिळलं. मिठी कितीही बळकट असो, अंगठ्याकडून सुटते. वस्तादांनीच शिकवलेली सोडवण. दादा ‘आयो’ म्हणून मागं पडला, आणि वस्ताद माझ्या अंगावर आले. अख्खं धूड. मला पेलवेना. माती तर इतकी मऊ, तेल-ताक घालून खणलेली, की तिथं दाबलं असतं तर माणूस नुसता खाली रुतला असता.

“डोक्याकडनं धर, मी पाय घेते,” कुणीतरी म्हणालं.

प्रणाली होती. जिला मी पाडणार होते आणि जी मला पाडणार होती, ती.

आम्ही दोघींनी त्यांना हौदाबाहेर काढलं, स्टेजपुढच्या टणक जमिनीवर आणलं, आणि मी त्यांचे खांदे खाली टेकवले. मग पाठ टेकवली. पूर्ण. सगळ्या मैदानासमोर.

इतक्या माणसांची अशी शांतता मी परत कधी ऐकली नाही. मग उतारावरून एका म्हाताऱ्या बाईनं गळा काढला, माणूस गेल्यावर काढतात तसा. गर्दीतून कुणीतरी म्हणालं, “लागली. वस्तादांची पाठ लागली.”

“मी सांगितलं हुतं!” केरबा अण्णा काठी टेकत येत होते. “बाई मातीत उतरली न् हे घडलं! हात काढ गं त्यांच्या छातीवरनं!”

मी तोवर छातीच्या मधोमध एका हाताचा तळवा ठेवून त्यावर दुसरा रचला होता. कोपरं ताठ केली. आणि दाबलं.

“रुग्णवाहिका बोलवा!” मी ओरडले.

“आपली गाडी मघाच एकाचा खांदा निखळला म्हणून तालुक्याला गेलीया,” निवेदक स्टेजवरून म्हणाला. तोंडाजवळ माईक आहे हे तो विसरला होता, त्यामुळं ही बातमी सगळ्या मैदानाला कळली.

“मग एकशे आठला लावा! आणि रस्ता मोकळा करा!”

दाबायचं, सोडायचं. दाबायचं, सोडायचं. जोरात आणि भरभर. पुतळ्याची छाती टिचकन वाजायची, बरोबर दाबलं की कळायचं. माणसाची छाती काही सांगत नाही. नुसती वर येते आणि तुमची वाट बघते. माझ्या घामाचे थेंब त्यांच्या छातीवरच्या पांढऱ्या केसांवर पडत होते.

आणि मग ‘कड’ असा आवाज झाला.

मैदानातल्या प्रत्येक पैलवानाला तो आवाज ओळखता येतो. बरगडी.

“आरं, तिनं हाड मोडलं!” रणजितदादा उसळला. तो माझ्यावर येणार तोच प्रणाली मध्ये उभी राहिली. तो तिच्या दुप्पट होता, पण ती हलली नाही.

“बरगडी जुळते, दादा!” मी दाबणं न थांबवता ओरडले. “माणूस परत मिळत नाही! मोज!”

“काय?”

“माझा ठोका चुकायला लागलाय. तालमीत जोर मोजतोस तसं मोज. मोठ्यानं!”

आमच्या तालमीत कुणी जोर मारत असला की बाकीचे भोवती उभं राहून मोजतात. मोजणाऱ्यानं आवाज चढवला की मारणाऱ्याच्या अंगात बळ येतं. रणजितदादानं लहानपणापासून दुसरं केलंच काय होतं?

“एक,” तो म्हणाला. आवाज फाटलेला. “दोन. तीन. चार.”

“भरभर!”

“पाच सहा सात आठ!” त्याच्या मागं उभ्या पठ्ठ्यांनी सूर धरला. मग निवेदकानं माईक उचलला, “नऊ, धा, अकरा!” आणि मग उतारावरून, ट्रॉल्यांवरून, चिंचेच्या झाडावरून आकडे कोसळायला लागले. अहो, काय सांगू! मैदान मोजत होतं. मघाशी रडणारी म्हातारी मोजत होती. जमीन हादरत होती आणि मी तिच्यासोबत खाली-वर होत होते. आयुष्यात माझ्यासाठी एवढा कल्ला कुणी केला नाही, आणि तो माझ्यासाठी नव्हताच.

माझे दंड भरून आले. “प्रणाली, ये! मी थकले तर खोल दाबलं जाणार नाही!”

तिनं लगेच जागा घेतली. मग तिच्यानंतर मी. मग मला दिसलं, रणजितदादा शेजारी गुडघ्यावर बसलाय आणि मोजता मोजता त्याचे हात हवेत माझ्या हातांसारखे चाललेत.

“मला सांग. कुठं ठेवू?” तो म्हणाला.

मी त्याचा तळवा धरून त्याच्या बापाच्या छातीवर ठेवला. “कोपर वाकवू नको. दाबलं की पुरतं सोड.”

“बरगडी?”

“मोडली तर मोडू दे.”

त्यानं दाबायला सुरुवात केली. त्याच्या हाताला दम होता, आमच्या दोघींच्या मिळून नसेल एवढा. “आप्पा, उठा,” प्रत्येक दाबाला तो म्हणत होता. “उठा, आप्पा. उठा.”

गर्दी दुभंगली. पांढरी गाडी धुरळा उडवत आली. आतल्या डॉक्टरनं एका नजरेत सगळं ओळखलं. “थांबू नका, मी सांगेपर्यंत थांबू नका,” असं म्हणत त्यानं छातीला दोन पट्ट्या चिकटवल्या. “आता हात काढा. सगळे लांब.” वस्तादांचं अंग उडालं. पुन्हा दाबणं. पुन्हा झटका.

आणि वस्ताद खोकले.

नुसते खोकले हो! पण माणसांनी फेटे हवेत उडवले. हलगीवाल्याला कुणी सांगितलं नव्हतं, तरी त्यानं काठी हाणली. रणजितदादा दोन पायांवर उभा राहू शकेना. प्रणालीनं आणि मी त्याला धरलं. केरबा अण्णा एकटेच काठीवर दोन्ही हात ठेवून उभे होते.

गाडी गेली. आमची कुस्ती झालीच नाही.

वस्ताद वाचले. कोल्हापूरला त्यांची बंद पडलेली रक्तवाहिनी उघडली, बरगड्यांना आराम दिला. पाचव्या-सहाव्या दिवशी मी भेटायला गेले तेव्हा ते उशीला टेकून बसले होते. मला वाटलं, हात धरतील. पोरी म्हणतील.

“रणजित सांगतोय ते खरं हाय?” त्यांनी विचारलं. “मैदानात माझी पाठ लावलीस?”

“व्हय, वस्ताद.”

“सगळ्यांनी बघितली?”

“व्हय.”

त्यांनी तोंड भिंतीकडं फिरवलं. मी निघून आले. बसमध्ये मी इतकी रडले, की कंडक्टरनं तिकिटाचं विचारायचं धाडस केलं नाही.

त्यानंतर वस्ताद तालमीत आले नाहीत. सकाळी डेअरीला दूध घालायला जायचे तेवढंच, एरवी घराच्या उंबऱ्याबाहेर पडेनात. गावातल्या चार पोरींना मी कुस्ती शिकवायची, त्या पहाटे यायच्या, तेवढीच तालीम चालू राहिली. गावात जो तो म्हणायचा, कोमलनं वस्तादांना वाचवलं. वस्तादांनी मात्र माझं नाव काढलं नाही. आणि केरबा अण्णा कमिटीत सांगत होते, इपरीत घडलं ते घडलं, पुढच्या जत्रेत पोरींची कुस्ती नाही.

दिवाळीनंतर एका सकाळी दाराची कडी वाजली. दारात वस्ताद. निम्मे झालेले.

“शिवाप्पा गेला,” ते म्हणाले. शिवाप्पा म्हणजे दूध डेअरीत मापं घालणारा, माझ्या वडिलांच्या वयाचा. “आत्ताच. डेअरीम्होरं पडला. लोकं निजवाया लागली हुती. मीच म्हणालो, उठवून बसवा. भिताडाला टेकवा.” त्यांनी दाराची चौकट धरली. “तोंडातनं सवयीनं आलं गं. बसल्या बसल्या गेला. माझ्या ह्या हातात.”

मी त्यांना आत घेतलं, पाणी दिलं. ते प्यायले नाहीत. तांब्या बाजूला सारला.

“जत्रा कधी हाय ह्या साली?” त्यांनी विचारलं.

जत्रेच्या दिवशी तेच ऊन, तीच गर्दी. पहिली जोड लागायच्या आधी वस्ताद उठले आणि हौदाकडं चालू लागले. कुणाला कळेना काय चाललंय. निवेदकानं चार शब्द सुरू केले, वस्तादांनी हात वर करून त्याला गप्प केलं. हौदाच्या अलीकडं, स्टेजपुढच्या टणक जमिनीवर ते थांबले. अंगातला सदरा काढला, घडी घालून बाजूला ठेवला. फेटा काढून त्यावर ठेवला.

मग ते खाली बसले. आणि कुणाच्याही मदतीशिवाय, हळूहळू, स्वतःची पाठ स्वतः जमिनीला लावली.

मैदानातून ‘हाय हाय’ असा एकच आवाज निघाला. रणजितदादा धावला. “आप्पा!”

“लांब ऱ्हा. कोमल, माईक हिकडं आण.”

मी निवेदकाच्या हातून माईक घेऊन गेले. वस्ताद उताणे, आभाळाकडं बघत बोलले, आणि ते कर्ण्यांमधून उतारावर शेवटच्या माणसापर्यंत गेलं.

“ऐका रं. मेलेल्या माणसाची पाठ लागतीच, तिला काय कुणी आडवं येत न्हाई. माझी ह्या पोरीनं जित्यापणी लावली, म्हणून बोलतोय. ज्याला ज्याला हिंदुरावाची पाठ बघायची हौस हुती, त्यानं आज बघून घ्या. आन् बघून झालं की इथं या. हात कुठं ठेवायचा ते कोमल माझ्या छातीवर दावंल. दाबायचं तिनं कॉलेजातनं आणलेल्या त्या रबरी बाहुल्यावर, माझ्यावर न्हाई, माझ्या बरगड्या आताशी जुळल्यात.”

लोक हसले. मग हसता हसता डोळे पुसू लागले. पण जागचं कुणी हललं नाही. त्या छातीवर पहिला हात ठेवायचा धीर कुणाला होईना. मी वस्तादांच्या शेजारी गुडघ्यावर बसून वाट बघत होते. ऊन तापत होतं, आणि जमिनीवर पडलेला तो म्हातारा डोळे मिटून वाट बघत होता.

मग काठीचा आवाज आला. केरबा अण्णा गर्दीतून बाहेर आले. वाटेत त्यांनी चपला काढल्या. आमच्यापाशी येऊन काठी आडवी ठेवली, एक गुडघा टेकला, मग दुसरा. उजवा हात पुढं केला.

“पोरी,” ते म्हणाले, “कुठं ठेवायचा हात?”